लोकसहभागाचा खर्च कोणी करावयाचा?

(पक्षाच्या कार्यकर्ता अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आरोग्यधोरण ठरविताना लोकांना विचारले पाहिजे, हे तत्त्व आज कोणी उघडपणे नाकारीत नाही. १९७८ च्या सप्टेंबरात अल्मा-आटा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे, असे जाहीर केले. तत्त्व मान्य झाले. त्याला पैसा लागतो, ही गोष्ट मात्र बहुतेक सरकारांनी कानाआड केली.

पैसा कशाला लागतो? शेतमजूर बाई तालुक्याच्या बैठकीला गेली, तर तिचा दिवसाचा रोज बुडतो आणि एस.टी.चे भाडे पदरचे जाते. धोरणाचा मसुदा इंग्रजीत असतो. तो कोणीतरी मराठीत, भिलीत, गोंडीत सांगावा लागतो. औषधखरेदीच्या आकड्यांत कोठे पाणी मुरते हे दाखविणारा जाणता माणूस लागतो. उलट, औषध कंपनीचा अगर खासगी रुग्णालयांच्या संघटनेचा प्रतिनिधी मंत्रालयात येतो, तेव्हा त्याचा पगार, प्रवास, कागदपत्रे हे सारे धंद्याच्या खर्चात बसते आणि अखेर रुग्णाच्या बिलातून वसूल होते. म्हणजे रुग्ण विरुद्ध पक्षाच्या वकिलाची फी भरतो आणि स्वतः वकिलावाचून उभा राहतो! अर्थशास्त्राच्या परिभाषेत लोकांचा संघटित आवाज ही सार्वजनिक वस्तू होय. तिचा लाभ सर्वांना होतो, आणि म्हणूनच तिचा खर्च एकट्याने उचलण्यास कोणी पुढे येत नाही. अशा वस्तूंचा खर्च करातूनच व्हावा लागतो.

तो तसा झाला नाही, तेव्हा विकसनशील देशांत ही पोकळी परकीय देणग्यांनी भरून काढली. त्यातून काहीच भले झाले नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २००२ साली स्थापन झालेल्या ग्लोबल फंडाच्या नियामक मंडळात स्वयंसेवी संस्थांना आणि रोगग्रस्त समूहांना मताचा अधिकार मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण दात्याचा विषय बदलला की संस्थेचाही विषय बदलतो. तिमाही अहवाल जिनिव्हाला जातो, गावाला जात नाही. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी परकीय मदत ९० दिवसांसाठी रोखण्याचा आदेश काढला आणि त्याच वर्षी १ जुलैला यूएसएडचा कारभार आटोपला. देशोदेशींचे आरोग्य कार्यकर्ते घरी बसले, ते त्यांच्या कामात खोट निघाली म्हणून नव्हे. एका दूरच्या देशातील मतदारांनी वेगळा कौल दिला म्हणून.

भारतात याच दाराला आतूनही कडी आहे. परकीय देणग्यांचा पहिला कायदा १९७६ साली, ऐन आणीबाणीत झाला. २०१० साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि परकीय देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेस देण्यास मनाई केली. तालुक्याच्या छोट्या संस्थेला हा पैसा बहुधा मोठ्या संस्थेमार्फतच मिळत असे. परकीय पैशाविषयी समाजवाद्यांना संशय असणे स्वाभाविक आहे, पण हा कायदा त्या संशयातून आलेला नाही. रुग्णालयांच्या धंद्यात परकीय भांडवल शंभर टक्के चालते, हे ध्यानात घ्यावे.

ब्राझीलने निराळी वाट धरली. १९८५ साली तेथील लष्करी राजवट संपली. पुढच्याच वर्षी भरलेल्या आठव्या राष्ट्रीय आरोग्य परिषदेत आरोग्य हा नागरिकाचा हक्क आणि राज्याचे कर्तव्य अशी मागणी झाली, आणि ती १९८८ च्या राज्यघटनेत उतरली. १९९० च्या डिसेंबरात झालेल्या ८१४२ क्रमांकाच्या कायद्याने नगरपालिका, प्रांत आणि केंद्र या तिन्ही स्तरांवर आरोग्य मंडळे आणली. (तेथे खेडीपाडीही नगरपालिकेतच मोडतात.) मंडळातील निम्म्या जागा सेवा घेणाऱ्या नागरिकांच्या, उरलेल्या निम्म्यांत आरोग्य कर्मचारी, शासन आणि सेवा पुरविणारे. खरी मेख पुढे आहे: केंद्राचा आरोग्यनिधी हवा असेल तर नगरपालिकेत असे मंडळ असलेच पाहिजे, अशी अट कायद्यातच आहे. राष्ट्रीय मंडळाच्या २०१२ च्या ठरावाप्रमाणे सभासदाला मानधन नाही, पण सभेला गेल्याने त्याचे कामावर नुकसान होता कामा नये, आणि मंडळाचा अर्थसंकल्प मंडळानेच सांभाळावा. अनेक ठिकाणी महापौर आपलीच माणसे भरतात आणि मंडळ कागदावर राहते, हेही खरे. तरीपण २०१९ च्या एप्रिलमध्ये बोल्सोनारो यांनी एका फर्मानाने लोकसहभागाच्या समित्या मोडीत काढावयास घेतल्या, तेव्हा जूनमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायद्याने स्थापन झालेल्या समित्या फर्मानाने मोडता येणार नाहीत असा निर्णय दिला. आरोग्य मंडळे टिकली. देणगीवर उभी असती, तर न्यायालयात जाण्याचीही गरज पडली नसती. हप्ता थांबवून भागले असते.

महाराष्ट्रात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. जनसुनवाईत गावकऱ्यांनी प्राथमिक केंद्रातील गैरहजर डॉक्टर, बाहेरून आणावयास लावलेली औषधे यांचा जाब अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारला. पैसा राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा होता, म्हणजे सार्वजनिकच होता. पण तो कायद्याने बांधलेला नव्हता. दरवर्षी कृती आराखड्यात त्याची मंजुरी घ्यावयाची, आणि ज्या खात्याला जाब विचारावयाचा त्याच खात्याकडून घ्यावयाची!

२०२४ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने सामाजिक सहभागासाठी पुरेसा आणि स्थिर सार्वजनिक निधी ठेवावा असा ठराव केला आहे. त्याचा आधार घेऊन मागावयाचे ते असे: आरोग्य खात्याच्या खर्चाचा ठरावीक हिस्सा कायद्याने लोकसहभागासाठी राखावा, त्याचे वाटप खात्याबाहेरील, विधिमंडळाला जबाबदार असलेल्या मंडळाने करावे, आणि बैठकीस येणाऱ्या मजुराला किमान वेतनाच्या दराने बुडालेला रोज मिळावा. यांतले शेवटचे कलम सर्वांत स्वस्त आहे आणि त्यालाच सर्वाधिक विरोध होईल.