ओळखीचा आवाज
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्ष महोदय, सोसायटीतील सर्व भगिनी, बंधू आणि बालगोपाळांनो,

भगिनींना आधी मान दिला, ही सवय अमीन सयानींची. ते नेहमी ‘बहनों और भाइयों’ असेच म्हणायचे. १९५२ साली रेडिओ सिलोनवर त्यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. आमच्या लहानपणी गल्लीत एखाद्याच घरी रेडिओ असे. त्याचे लायसन्स पोस्टात भरावे लागे. बुधवारी रात्री आठ वाजता त्या घराच्या ओट्यावर बसायला जागा मिळत नसे. २० फेब्रुवारी २०२४ ला सयानी गेले, तेव्हा घरातलेच कोणी गेल्यासारखे वाटले. ज्यांना मी कधी पाहिले नाही, त्यांच्यासाठी दोन दिवस जेवण गोड लागले नाही.

पुढे आपल्या परभणीलाच आकाशवाणी केंद्र आले. १३०५ किलोहर्ट्झ हा आकडा मला माझ्या खाते क्रमांकापेक्षा पक्का पाठ आहे. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की आमची आई चहाचे आधण ठेवायची. घरात घड्याळ होते, पण तिचा भरवसा रेडिओवर.

मी गंगाखेडच्या शाखेत असताना पीककर्जावर बोलायला मला केंद्रावर बोलावले होते. मी ‘हायपोथिकेशन’, ‘मार्जिन मनी’ असे लिहून नेलेले. तिथल्या निवेदिकाबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, “साहेब, हे आखाड्यावर बसलेल्या माणसाला कळेल का? त्याच्याशी बोला, माझ्याशी नको.” सगळा कागद पुन्हा लिहिला. पुढच्या आठवड्यात सात-आठ शेतकरी सातबारा घेऊन शाखेत आले. “रेडिओवर तुम्हीच बोललात ना?” असे विचारू लागले. नोकरीत मला एवढे मोठे प्रशस्तिपत्र दुसरे मिळाले नाही.

त्या बाईंचा आवाज मी पुढे कितीतरी वर्षे रोज ऐकला. एके दिवशी त्यांच्या जागी दुसरा आवाज आला. वाटले, रजेवर असतील. महिना गेला, तेव्हा कळले की त्या निवृत्त झाल्या. माझ्या निरोपाला शाल, श्रीफळ, भाषणे, सगळे झाले होते. त्यांना मात्र मी, रोजचा श्रोता, एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. ही चूक माझी.

आपल्या सोसायटीतूनही पंचवीस वर्षांत काही कुटुंबे मुलांकडे पुण्याला, मुंबईला गेली. त्यांना आपण गेटपर्यंत पोचवायला गेलो. आवाजाला कोणत्या गेटपर्यंत पोचवायचे?

शेवटी एका परिचिताकडून पत्ता मिळवला आणि पन्नास पैशांचे पोस्टकार्ड टाकले. कागद पुन्हा लिहायला लावल्याबद्दल आभार मानले. बारा दिवसांनी उत्तर आले. त्यात एवढेच होते : “पत्र मिळाले. डोळे भरून आले. पण फर्माईश कोणत्या गाण्याची, ते लिहायचे विसरलात!”

मंडळी, मोबाईलवर हवे ते गाणे हव्या त्या वेळी लागते, मीही लावतो. पण ‘साहेब, असे नको, तसे बोला’ असे मोबाईल म्हणत नाही. तुमच्याही कानात असा एखादा आवाज असेल. निवेदकाचा असेल, शाळेतल्या बाईंचा असेल. त्यांना या आठवड्यात दोन ओळी लिहा. पोस्टकार्डे माझ्याकडे आहेत, कधीही दार वाजवा. सकाळी सात ते सव्वासात मात्र नको, तेव्हा बातम्या असतात.