पंढरपूरचा चित्रकार, व्हेनिसची वखार

आपल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी दरवर्षी ज्या पंढरपूरला जाते, त्याच गावात चित्रकार मकबूल फिदा हुसेन जन्मले. मुंबईत सिनेमाचे मोठाले फलक रंगवत त्यांचा हात तयार झाला. 2024 मध्ये दिल्लीच्या किरण नाडर कला संग्रहालयानं इटलीत, व्हेनिसमधल्या मिठाच्या एका जुन्या वखारीत, त्यांच्या कलेवर प्रदर्शन भरवलं: 'द रूटेड नोमॅड'. त्यात डिजिटल तंत्रानं त्यांची चित्रं भिंतभर झाली.

हे साधतं कसं? आधी चित्राचे बारकाव्यांसह फोटो घेतात. त्यातला घोडा, माणूस सुटा करून त्याला हालचाल देतात. मग अनेक प्रोजेक्टर ते भिंतींवर पाडतात. शेजारच्या दोन झोतांच्या कडा एकमेकींवर चढवून तिथला उजेड मंद करतात, म्हणून सांधा दिसत नाही. बघणारा जणू चित्राच्या आतच उभा!

पण कुंचल्याचा फटकारा आणि रंगाचा थर मूळ चित्रातच जाणवतो. हुसेन यांचं 1955 चं 'जमीन' दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे आहे. दिल्लीला जाणं झालं, तर चौकशी करून ते जरूर बघा.