तारखा लिहून ठेवा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटीतली वीस वर्षं’ असा विषय दिला होता. तो मी बदलून मागितला. गेल्या वर्षी आपल्या वर्गातल्या मुलींचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. पहिले पंधरा दिवस जुने फोटो आणि कोण कुठे असते याची चौकशी झाली. मग एका रात्री सव्वातीन वाजता एकीने लिहिलं, “कोणी जागं आहे का?” पाच मिनिटांत सहा जणींची उत्तरं आली. सगळ्या जाग्या होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं, की हे फक्त आपल्यालाच होतंय.

म्हणून आज पाळी जाण्याच्या आधीच्या काळाबद्दल, पेरिमेनोपॉजबद्दल बोलणार आहे. मुलांनो, चहाला उठू नका. तुमच्या घरात बायको आहे, बहीण आहे आणि ऑफिसात तुमच्या हाताखाली काम करणाऱ्या बायकाही आहेत.

माझं सुरू झालं २०२२ मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी. रात्री तीनला जाग यायची, छातीत धडधड व्हायची. सकाळी बोटांचे सांधे आखडलेले असायचे. मीटिंगमध्ये रोजच्या वापरातला शब्द आठवायचा नाही. ज्या प्रणालीचा आराखडा मीच केला होता, तिच्याबद्दल बोलताना मी चाचपडायला लागले. पाळी कधी लवकर, कधी उशिरा. आली की इतकी, की पांढरा कुर्ता घालायचं सोडून दिलं.

पहिल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. तो नॉर्मल आला. “ताण कमी करा,” म्हणाले आणि झोपेची गोळी दिली. दुसरीकडे गेले तर उत्तर मिळालं, “पाळी जायचं तुमचं वय नाही अजून.” तिथे एफएसएच नावाच्या हार्मोनची तपासणी एकदा केली. तीही नॉर्मल. तिसऱ्या ठिकाणी सोनोग्राफीही न करता सांगितलं, “दोन मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.” त्या दिवशी घरी येऊन मी राजीनाम्याचा ईमेल लिहिला. पाठवला नाही, पण ड्राफ्टमध्ये ठेवला. मला खात्री पटली होती, की माझी बुद्धी संपत चालली आहे.

आमच्या कामात एक प्रकारची चूक फार छळते. ती कधी दिसते, कधी दिसत नाही, आणि तपासणारा शेजारी येऊन बसला की नेमकी गायब होते. अशा वेळी आम्ही एकच करतो, नोंदी ठेवतो. मग मी स्वतःच्या नोंदी ठेवायला लागले. पाळीची तारीख, किती दिवस, दिवसाला किती पॅड, रात्री किती वाजता जाग आली, घाम आला का, धडधड झाली का. पाच महिन्यांनी दोन पाळ्यांमधलं अंतर एका ओळीत मांडलं: २७, २४, ३६, २३, ४१ दिवस. पूर्वी ते २८ च्या आसपास असायचं.

लागोपाठच्या पाळ्यांच्या अंतरात सात किंवा जास्त दिवसांचा फरक पडायला लागला आणि तो पुन्हा पुन्हा दिसला, तर तो या काळाच्या सुरुवातीचा मान्यताप्राप्त निकष आहे. पाळी ६० दिवस किंवा जास्त लांबायला लागली, की पुढचा टप्पा. आणि सलग १२ महिने आली नाही, की मगच रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात.

“तुमचं वय नाही” हे वाक्य कुठून येतं, तेही बघा. पाश्चात्त्य देशांत पाळी सरासरी ५१ च्या आसपास थांबते. भारतीय बायकांची सरासरी ४६-४७ आहे. त्याआधीची चार-पाच वर्षं हा बदलाचा काळ असतो. गणित करा, बरोबर आपल्या वयाशी येऊन थांबतं. शिवाय ४० ते ४५ मध्येच पाळी थांबणाऱ्याही अनेक जणी असतात.

एफएसएचच्या तपासणीचंही तसंच आहे. या काळात हार्मोन्स सरळ रेषेत उतरत नाहीत, वरखाली होत राहतात. एखाद्या महिन्यात बीज सुटत नाही, प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आतलं अस्तर वाढतं आणि मग रक्तस्राव जास्त होतो. एका दिवशीचा एफएसएच नॉर्मल आला, तर तो फक्त त्या दिवसाचा हिशेब झाला. पंचेचाळिशीनंतर लक्षणं आणि पाळीचा इतिहास यांवरूनच निदान करता येतं. त्याआधीच्या वयात तपासण्यांचा उपयोग असतो, पण एका आकड्यावर दार बंद करू नये.

आणखी एक माहिती मला घरातच मिळाली. आईला विचारलं, “तुझी कधी गेली गं?” ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “तू नववीत होतीस तेव्हाच.” म्हणजे एकेचाळीस-बेचाळीस. कुणाला सांगितलं नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडलं, तेव्हा हाडं ठिसूळ झाल्याचं कळलं. पाळी लवकर गेली की इस्ट्रोजेनचं संरक्षणही लवकर जातं. आईची पाळी कधी गेली यावरून आपला अंदाज येतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

चौथ्या डॉक्टरांकडे मी एक कागद घेऊन गेले. वर पाच महिन्यांच्या तारखा, खाली आईचं वय, आणि तीन वाक्यं: मला काय होतंय, त्यामुळे माझं काय अडतंय, मला काय तपासून हवंय. शेवटी एक प्रश्न: “हे पेरिमेनोपॉज नसेल, तर का नाही, ते समजावून सांगाल का?” डॉक्टरबाईंनी कागद पूर्ण वाचला. मग थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन, गरोदरपणाची चाचणी, सोनोग्राफी असं सगळं क्रमाने केलं. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. म्हणजे निम्मा थकवा रक्ताच्या कमतरतेचा होता, आणि तोही दोन वर्षं निसटला होता. सगळं खापर पेरिमेनोपॉजवर फोडू नका, हे मी त्यातून शिकले.

हार्मोन थेरपीची भीती मलाही होती. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर ती जगभर पसरली. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त. ज्यांना स्तनाचा कर्करोग झालेला आहे किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेला आहे, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. मी आणि डॉक्टरांनी मिळून लोहाच्या गोळ्या, व्यायाम आणि हार्मोन्स असं ठरवलं. माझी चिठ्ठी तुम्ही वापरू नका, तुमची तुम्ही लिहून घ्या.

पिशवी काढण्याबद्दल मात्र ठामपणे सांगते. काही आजारांत ती शस्त्रक्रिया लागतेच. पण तिच्याबरोबर अंडाशयं काढली, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला तो यामुळेच. ऐन तरुण वयात त्यांच्या पिशव्या काढल्या गेल्या होत्या. म्हणून कुणी घाई केली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. पण तासाला एक पॅड भिजत असेल, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जात असेल, किंवा वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर थांबू नका, लगेच दाखवा.

आता शेवटचं. आपल्या गणिताच्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. डिसेंबरच्या थंडीत त्या खिडक्या उघडायला लावायच्या, वहीने वारा घ्यायच्या, कधी फळ्यावरची पायरी अर्धी सोडून थांबायच्या. आपण मागच्या बाकांवर हसायचो. आपण त्यांना ठेवलेलं नाव मी इथे घेणार नाही. तुम्हा सगळ्यांना आठवतंय. परवा मी बाईंना फोन करून माफी मागितली आणि हे सांगू का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, “खुशाल सांग. मलाही तेव्हा कळत नव्हतं काय होतंय. वाटायचं, आता आपल्याला शिकवायला जमत नाही. राजीनामा लिहून कपाटात ठेवला होता.”

बाई, तो तुम्ही दिला नाहीत, म्हणून माझी भूमिती सुटली आणि मी इंजिनिअर झाले. माझाही ड्राफ्ट मी गेल्या वर्षी पुसून टाकला.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर दोनच कामं करा. आई असेल तर तिला विचारा, नसेल तर मावशीला विचारा. आणि एका वहीत आपली शेवटची तारीख लिहा. रात्री तीनला जाग आली तर ग्रुपवर लिहा, आपल्यापैकी कोणीतरी जागी असेलच.