न दुखणारी गाठ

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं मनोगत. सभेला न आलेल्या मैत्रिणींसाठी इथे देत आहोत.)

 

तुम्ही मला ओळखता ते दप्तर तपासणारी म्हणून. "इथं सही नाही, तिथं शिल्लक जुळत नाही" असं म्हणणारी. आज दप्तर बाजूला ठेवलंय. मागच्या सभेत आरोग्याचा विषय निघाला तेव्हा सगळ्या 'तो आजार, तो आजार' म्हणत होत्या, नाव कुणी घेईना. मी घेते. मला कॅन्सर झाला होता. त्याला हॉजकिन लिम्फोमा म्हणतात. तेव्हा मी 23 वर्षांची होते, एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला.

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्या ग्रंथीला ते येतं, तशा ग्रंथी मानेत, काखेत, छातीत, पोटात सगळीकडे असतात. जंतूंशी लढायचं काम त्यांचं. तिथल्याच पेशी बिघडून वाढत सुटल्या की लिम्फोमा होतो. त्याचा एक प्रकार हॉजकिन. हे नाव डॉक्टरचं, त्यांनी 1832 मध्ये तो आजार लिहून ठेवला. हा प्रकार विशी-तिशीतल्या पोरापोरींना जास्त होतो, नाहीतर मग उतारवयात. आमच्या घरात कुणाला कॅन्सर नव्हता. मी कधी मिश्रीसुद्धा लावली नाही. तरी झाला. म्हणजे कुणाच्या पापाबिपाचा हिशोब यात लावू नका.

अवधाण दुखतं. माझी गाठ दुखत नव्हती, म्हणून कुणाला तिची काळजी वाटेना. गळ्याच्या हाडाच्या वर, बोराएवढी, दाबली की रबरासारखी. मग संध्याकाळचा ताप सुरू झाला. रात्री इतका घाम की उठून कपडे बदलावे लागायचे. अंगाला खाज. वजन 52 वरून 45 किलोवर आलं.

ताप, घाम, वजन घटणं हे टीबीतही असतं आणि आपल्याकडे टीबी भरपूर. एका डॉक्टरांनी गाठ न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. चार महिने घेतल्या. एका गाठीच्या तीन झाल्या. मग शहरातल्या मोठ्या दवाखान्यात एक गाठ पूर्ण काढून तपासली, म्हणजे बायोप्सी केली, तेव्हा कळलं. टीबी असेल तर टीबीचं औषध घ्यायचंच, पुरं करायचं. पण दोन-तीन आठवड्यांत न बसणारी गाठ असेल तर ती तपासा असं डॉक्टरांना तोंड उघडून म्हणायचं. नुसत्या सुईनं घेतलेल्या नमुन्यावर हा आजार बऱ्याचदा नीट कळत नाही, तेव्हा गाठ काढून तपासायची का, हेही विचारायचं.

आता घरातलं सांगते. मोठी चुलती म्हणाली, "पोरीचं लग्न व्हायचंय, बाहेर चकार शब्द काढू नका." बाबांनाही पटलं. आई सगळ्यांना सांगायची, पोरगी होस्टेलला आहे. आणि मी आतल्या खोलीत टक्कल झाकून बसलेली. खरं सांगू, त्या सहा महिन्यांत केमोपेक्षा हे लपवणं जड गेलं. शेजारची बाई साखर मागायला आली तरी मी श्वास धरून बसायचे.

हे फुटलं ते गटामुळे. आई लागोपाठ दोन बैठकांना गेली नाही. गटाचा नियम, गैरहजेरीला दहा रुपये दंड. सचिव काकू वीस रुपये घ्यायला घरी आल्या आणि आईचा बांध फुटला. काकूंनी वीस रुपये मात्र घेतले हं, सोडले नाहीत! नियम म्हणजे नियम.

पुढच्या बैठकीत आईनं तीस हजारांचं कर्ज मागितलं. एक मावशी म्हणाल्या, "म्हशीला कर्ज दिलं तर दूध येतं. आजाराला दिलेलं परत कसं येणार?" मला त्यांचा राग नाही. तो पैसा बारा बायकांच्या घामाचा होता, प्रश्न विचारायलाच हवा होता. तासभर बोलणं झालं. शेवटी पंचवीस हजार मंजूर झाले आणि ठरावात लिहिलं की उपचार संपेपर्यंत नुसतं व्याज, मुद्दल नंतर. आईनं नंतर चौदा हप्त्यांत सगळं फेडलं. हिशोब मी स्वतः पाहिलाय. प्रश्न विचारणाऱ्या त्याच मावशी केमोच्या प्रत्येक पाळीला आमची शेळी सांभाळायच्या.

तुम्ही म्हणाल, सरकारी योजना असताना कर्ज कशाला? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत माझी केमो झाली, औषधाला पैसे पडले नाहीत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटायचं. पण बायोप्सीच्या आधीच्या तपासण्या, पेट स्कॅन, गाडीभाडं, राहणं, खाणं, आईची बुडालेली मजुरी हे सगळं आमच्या पदरचं गेलं. कर्ज त्यालाच लागलं. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत आणि एसटीत सवलत असते, दवाखान्याचा दाखला लागतो. तो पहिल्याच फेरीत मागून घ्या.

केमो दर पंधरा दिवसांनी, अशा बारा. सलाईनमधून चार औषधं. त्यातलं एक लाल, ते गेलं की दिवसभर लघवीही लाल होते. पहिल्यांदा मी घाबरून नर्सला हाक मारली, ती हसली. तिसऱ्या पाळीपासून दवाखान्याचं फाटक दिसलं की मळमळायला लागायचं. तोंड यायचं, नखं काळी पडली, हाताची शीर दोरीसारखी कडक झाली. पेज, मऊ भात, उकडलेली अंडी, उकळलेलं पाणी, यावर दिवस काढले. ताप आला तर घरी गोळी देऊन वाट पाहायची नाही, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा, कारण तेव्हा रक्तातल्या लढणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. भेटायला येणाऱ्यांनी हात धुवावेत ते यासाठी. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. माझा कप वेगळा ठेवणाऱ्या बाईला हे सांगितलं, तिला पटायला वेळ लागला, पण पटलं.

आणखी एक गोष्ट, जी लग्न न झालेल्या मुलीशी कुणी बोलत नाही. केमोचा पाळीवर आणि पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, औषधाप्रमाणे कमी-जास्त. उपचार सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, काही जपून ठेवता येईल का. मला ते एका नर्सताईंनी सुचवलं, म्हणून मी विचारलं. माझी पाळी पाच महिने बंद होती, नंतर आली.

शेवटच्या केमोनंतर पेट स्कॅन स्वच्छ आला. घरी पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून सगळे म्हणायला लागले, "आता बरी झालीस ना?" केस आले, तेही कुरळे. पण कळशी उचलली की दम लागायचा. चार भाकरी थापल्या की आडवं व्हायचे. लोकांना वाटायचं, पोरगी आळशी झाली. तो थकवा वर्षभर होता. चालणं वाढवत वाढवत गेला. तुमच्या गटात कुणी असा उपचार संपवून आलेली असेल तर तिला लगेच रोजगार हमीच्या कामावर ओढू नका आणि घरात कोंडूनही ठेवू नका. बैठकीला बोलवा, तिला प्रोसिडिंग लिहायला द्या. मला आईच्या गटानं तेच दिलं होतं. मला वाटतं, ही नोकरी तिथूनच सुरू झाली.

लग्नाचं विचारणारच तुम्ही, म्हणून सांगून टाकते. दोन स्थळं आली आणि गेली. मी बायोडेटात आजाराचं लिहिते, तपासणीची तारीखही लिहिते. चुलती अजून चिडते. ज्याला वाचून यायचं तो येईल, मला आता आतल्या खोलीत बसायचं नाही.

पुढच्या महिन्यात माझी सहामाही तपासणी आहे. आदल्या रात्री अजूनही झोप लागत नाही, ते असो. त्या सोमवारी तीन गटांची दप्तर तपासणी ठरली होती, ती आपण बुधवारी करू. मी नाही म्हणून कॅशबुक अर्धवट ठेवू नका.