लिलावांतील फटफटी



लिलाव हा शब्द कानीं पडतांच स्वस्ताईचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. तीच आशा धरून मी, आयुष्यभर मुलांना व्यवहारी गणित शिकविणारा शिक्षक, माझ्या पुतण्यास घेऊन मोटारसायकलींच्या लिलावास गेलों. तेथें माझेंच गणित कसें चुकलें, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

पुतण्या वायरमन. गांवोगांवच्या कामांसाठीं त्यास वाहन हवें होतें, आणि दोन वर्षांची शिल्लक होती २५,००० रुपये.

हप्ते थकल्यामुळें जप्त झालेलीं, पोलिसांकडे बेवारशी पडलेलीं आणि सरकारी खात्यांनीं मोडींत काढलेलीं, अशा तीन वाटांनीं वाहनें लिलावांत येतात. अट बहुधा एकच: जशी आहे, जेथें आहे, तशी घ्यावी. गाडी चालवून पाहतां येत नाहीं, मागाहून तक्रार चालत नाहीं, आणि बोली जिंकून पैसे न भरल्यास अनामत रक्कम बुडते. म्हणून जें पाहावयाचें तें आधींच पाहावें. टायरच्या कडेवर चार अंक असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. किक अगदीं हलकी गेली, तर सिलिंडर झिजल्याची शंका घ्यावी. फार दिवस उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्यें पेट्रोलचा चिकट थर बसतो व टाकींत गंज चढतो. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे इंजिनावरील व सांगाड्यावरील क्रमांक नोंदणीशीं अंकागणिक ताडून घ्यावे.

आम्हीं पसंत केलेली गाडी हप्ते थकलेल्यांपैकीं होती. टाकीवर 'आईचा आशीर्वाद' अशीं अक्षरें होतीं. कोणी तरी तीं हौसेनें रंगवून घेतलीं असतील, हा विचार मनांत आला आणि बोली सुरू होतांच निघूनहि गेला. आरंभ १८,००० पासून झाला. समोरचा एक गृहस्थ पांचशें चढवी, मी पुतण्याचें कोपर दाबीं, कीं तोहि पांचशें चढवी. २५,००० चा आंकडा केव्हां मागें पडला, तें कळलें नाहीं. 'तीन वार' झालें ३३,५०० ला! वरचे पैसे मीं उसने दिले आणि विजयी मुद्रेनें घरीं परतलों.

मेक्सिकोच्या आखातांतील तेलक्षेत्रांच्या लिलावांवर तीन अभियंत्यांनीं १९७१ सालीं एक लेख लिहिला. वस्तूचें खरें मोल कोणासच नक्की ठाऊक नसतें, तेव्हां ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, तोच बहुधा लिलाव जिंकतो, असें त्यांनीं दाखविलें. यास 'विजेत्याचा शाप' म्हणतात. तो आम्हांस पुरता भोवला. टायर, बॅटरी, साफसफाई व विमा यांत आणखी ७,८०० गेले. इंजिनावरील क्रमांक काजळीखालीं होता. तो पुसून वाचण्याचे कष्ट मीं घेतले नव्हते. मूळ मालकानें इंजिन बदललें होतें, पण त्याची नोंद केलेली नव्हती. कागद जुळवितां जुळवितां चार महिने गेले. तोंवर पुतण्या सायकलीवर हिंडला आणि दूरचीं कामें त्याच्या हातचीं गेलीं. त्यानें मला दोष दिला नाहीं. एकदांच म्हणाला, "काका, आधी मांडणी, मग उत्तर, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

ती मांडणी अशी: ओळखीच्या मिस्त्रीकडे तशीच चालती गाडी केवढ्यास मिळते, तें विचारावें. त्यांतून दुरुस्ती, कागदपत्रें आणि न दिसणाऱ्या दोषांसाठीं कांहीं रक्कम वजा करावी. उरेल तो आंकडा घरींच कागदावर लिहून खिशांत ठेवावा. बोली तेथें पोंचली कीं हात खालीं आणावा. मग समोरचा हंसला तरी हंसूं द्यावें. कागदांचीहि चौकशी आधींच करावी. जप्त वाहनावरील कर्जाची नोंद उतरवून घ्यावी लागते. सरकारी लिलावांतील वाहनासाठीं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत नमुना ३२ मध्यें अर्ज करावा लागतो.

आतां ती फटफटी नीट धांवते. टाकीवरचीं अक्षरें मात्र पुतण्यानें पुसलीं नाहींत. "त्याचीही आई असेल, काका," एवढेंच तो म्हणाला.