फुरसत आपली, मर्जी कोणाची?

(युवक-युवतींच्या शिबिरातील भाषण)



मला विषय दिलाय 'टीव्ही, सिनेमा, मोबाइल आणि आपण'. या विषयावर वडीलधारी माणसं बोलायला उभी राहिली की काय होतं, ते तुम्हाला पाठ आहे. 'मोबाइलनं पिढी बिघडवली' इथून सुरुवात आणि 'अभ्यास करा' इथे शेवट. ते मी करणार नाही. दिवसभर कॉलेज, क्लास, गॅरेज, बेकरी किंवा शिलाई मशीन सांभाळून आलेल्या माणसाला अर्धा तास हसावंसं वाटलं, तर तो गुन्हा नाही आणि गुनाहही नाही. करमणूक ही माणसाची गरज आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. फुरसत तुमची, पण तिच्यात मर्जी कोणाची चालते?

माझं बालपण सोलापुरात गेलं. घरात दख्खनी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी. मोहल्ल्यातले काही बुजुर्ग टीव्हीला 'शैतान का डिब्बा' म्हणायचे. तरी रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'महाभारत' लागलं की ज्यांच्याकडे टीव्ही, त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. आमच्या गल्लीतली आणि पलीकडच्या गल्लीतली पोरं एकाच चटईवर. त्या 'महाभारता'चे संवाद लिहिले होते डॉ. राही मासूम रझा यांनी. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली मुंबईत लागला, त्याची नायिका झुबेदा. तिची आई फातमा बेगम यांनी त्याआधी पाच वर्षं, १९२६ साली, 'बुलबुल-ए-परिस्तान' हा मूकपट दिग्दर्शित केला होता. भारतातली पहिली स्त्री-दिग्दर्शक म्हणून त्यांचंच नाव घेतात. त्यामुळे 'हे आपलं नव्हे' असं कोणी सांगितलं, तर अदबीनं ही नावं सांगा. आणि टीव्हीला नको म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांची बयानं आज यूट्यूबवर आहेत, 'सबस्क्राइब करा'सकट. म्हणजे पडदा हलाल की हराम हा वाद मागे पडला आहे. खरा वाद पुढचा आहे.

तो कुठला? सिनेमा तीन तासांनी संपायचा. मालिका अर्ध्या तासानं संपायची आणि पुढच्या भागासाठी आठवडाभर थांबावं लागायचं. मोबाइलवर काही संपतच नाही. बोट वर सरकवत राहिलं की खालून नवं येत राहतं. ही युक्ती २००६ साली एझा रास्किन नावाच्या तंत्रज्ञानं तयार केली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ साली म्हणाले होते की त्यांची स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे. ते अर्ध्या गमतीत म्हणाले असतील, पण पुढचा भाग आपोआप का सुरू होतो, ते त्यातून कळतं. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केल्या. दुकान बदललं, गिऱ्हाईक तेच राहिलं. आणि खरं सांगायचं तर आपण गिऱ्हाईकही नाही. आपला वेळ हा तिथला माल आहे. तो जाहिरातदाराला विकला जातो.

वेळ जातो एवढंच असतं, तर मी इथे उभी राहिले नसते. आमच्या लहानपणी सगळी गल्ली एकच कार्यक्रम बघायची. आवडला न आवडला, दुसऱ्या दिवशी शाळेत त्यावरच बोलणं व्हायचं. आज एकाच बाकावरच्या दोन मित्रांच्या हातात दोन वेगळी जगं आहेत. एकाला रोज 'मुसलमान कसे वाईट' याच्या क्लिप येतात. दुसऱ्याला रोज 'आपल्याला कुठे कुठे मारलं' याच्या. दोघंही चिडतात आणि चिडलेला माणूस फोन खाली ठेवत नाही. अ‍ॅपला कोणाच्या धर्माशी देणंघेणं नाही. तुम्ही जिथे थांबता, तेच ते पुन्हा वाढून देतं.

याचा शेवट कुठे होऊ शकतो, ते महाराष्ट्रानं पाहिलंय. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच माणसं ठार मारली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, भिक्षा मागत फिरणारी. त्यातली काही आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. मेलेल्यांना त्याचा काय उपयोग? रिकाम्या वेळात 'असू दे, पुढे पाठवू' म्हणून दाबलेलं बटण इतकं जड असू शकतं.

आता थोडं आपल्याबद्दल, रागावू नका. एखाद्या हिंदी सिनेमात मुसलमान बादशहा राक्षसासारखा दाखवला, की आपण म्हणतो, हा इतिहास नव्हे. बरोबर म्हणतो. पण लॉकडाऊनमध्ये तुर्की मालिका 'एर्तुग्रुल' घरोघरी बघितली गेली, तेव्हा कितीजणांनी तोच प्रश्न विचारला? एर्तुग्रुलबद्दल इतिहासाला फार थोडी माहिती आहे. मालिकेतला बहुतेक भाग लेखकाच्या कल्पनेतला आहे. बघा, मलाही त्यातले घोडे आवडले. पण आपल्या विरोधातल्या गोष्टीला पुरावा मागायचा आणि आपल्या कौतुकाच्या गोष्टीला नाही, हे चालणार नाही. फूटपट्टी एकच हवी.

शेवटचा मुद्दा मुलींचा, आणि मुलांनी तो जास्त नीट ऐकावा. फुरसत सगळ्यांना सारखी मिळते का? सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरच्या बिनपगारी कामाला ती कामं करणारी बाई दिवसाला २९९ मिनिटं देते, पुरुष ९७ मिनिटं. हे सगळ्या भारताचं, सगळ्या धर्मांचं चित्र आहे. म्हणजे इफ्तारनंतर भाईजान रील बघत आडवे होतात, तेव्हा आपा भांडी घासत असते. तिची मालिका ती कानानं 'बघते'. वर तिच्या फोनला पासवर्ड चालत नाही. कोणाशी बोलते, काय बघते, फोटो का टाकला, सगळी तपासणी. भावाच्या फोनला मात्र कोणी हात लावत नाही. बिघडण्याची भीती खरी असेल, तर ती दोघांच्याही फोनमध्ये आहे. आणि विश्वास असेल, तर तोही दोघांवर हवा. ज्या घरात मुलीला तासभर स्वतःच्या मर्जीनं बसता येत नाही, त्या घरानं मोबाइलच्या दुष्परिणामांवर भाषण देऊ नये.

मग करायचं काय? फोन फेकून द्या असं मी म्हणत नाही. फोनमुळेच पडद्यात राहणाऱ्या कितीतरी मुली शिकल्या, केक विकायला लागल्या, कायदा समजून घेऊ लागल्या. मी एवढंच म्हणते की निवड परत आपल्या हातात घ्या. आपोआप सुरू होणारा पुढचा भाग सेटिंगमधून बंद करा. यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसून टाका, म्हणजे पहिल्या पानावरच्या शिफारशी थांबतात आणि तुम्हाला काय बघायचंय ते तुम्हालाच शोधावं लागतं. राग आणणारा व्हिडिओ आला की पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा: कधीचा, कुठला, कोणी टाकला. उत्तर नसेल तर तो तुमच्यापाशीच थांबू द्या. रात्रीची भांडी वाटून घ्या, म्हणजे बघायला सगळे एकदम बसाल.

आणि महिन्यातून एकदा तरी एकत्र बसून सिनेमा बघा. एम. एस. सथ्यूंचा 'गर्म हवा' बघा, फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या कुटुंबाचा. सईद अख्तर मिर्झांचा 'नसीम' बघा, त्यात आजोबांच्या भूमिकेत खुद्द कैफी आझमी आहेत. आमच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'फँड्री' बघा. फक्त आपलेच आपण बसू नका. वर्गातल्या रोहनला, स्नेहाला बोलवा. अम्मीलाही बसवा, चहा तुम्ही करा. सिनेमा संपला की मोबाइल न काढता अर्धा तास बोला, भांडलात तरी चालेल. दोन हातांतली दोन जगं एका खोलीत आणायची, तर सुरुवात इथूनच करता येईल.

आज रात्री जेवणानंतर आपण 'गर्म हवा' लावणार आहोत. चर्चेला बसताना पहिलं बोलणं मुलींचं असेल, एवढी एकच अट.