फाटकाबाहेरचा भाऊ



अध्यक्षाने आरंभी आपल्या अपात्रतेची कबुली द्यावी, असा संमेलनांचा संप्रदाय आहे. तो मी आज मोडणार आहे. कारण मला येथे एक फिर्याद दाखल करावयाची आहे, आणि जो स्वतःसच अपात्र म्हणवितो त्याच्या फिर्यादीस कोणी भीक घालीत नाही. प्रतिवादी पुढच्याच रांगांत बसलेले आहेत: आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाचे ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणारे लेखक आणि लेखिका.

अशा कथांची जी हस्तलिखिते माझ्याकडे अभिप्रायार्थ येतात, त्यांचा साचा मला आता तोंडपाठ झाला आहे. मिशनच्या शाळेत शिकलेला तेजस्वी तरुण, वाड्यात कोंडलेली विधवा, त्या दोघांमध्ये एक कजाग सासू व एक दुष्ट दीर, अखेरच्या प्रकरणात सकाळी बाप्तिस्मा आणि सायंकाळी विवाह; आणि मग नायिकेस प्रभूच्या कृपेने नवे कुटुंब लाभले अशी ग्वाही देऊन लेखक लेखणी ठेवतो. माझे म्हणणे एवढेच, की नव्या घराचा आनंद ज्याला लिहावयाचा आहे त्याने आधी जुन्या घराचा हिशेब चुकता केला पाहिजे. आणि तो आपण बुडविला आहे.

बाहेरचे टीकाकार आपल्या लेखनास प्रचार म्हणून नाक मुरडतात. त्यांना माझे उत्तर तयार आहे. मराठी कादंबरीचा आरंभ सांगू लागले, की त्यांनाही 1857 साली प्रसिद्ध झालेल्या बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’चे नाव घ्यावेच लागते. विधवेच्या दुःखाची दाद घेणारी ही यमुना मराठीत अवतरली, तेव्हा हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधली यमू येण्यास तीस वर्षांहून अधिक अवकाश होता. परंतु घरच्या माणसाचे दोष घरात बोलावेत, म्हणून सांगतो: पती विनायकाच्या मृत्यूनंतर यमुना ख्रिस्ती होते, तिचा पुनर्विवाह होतो, आणि जेथे खरी कादंबरी सुरू व्हावयाची तेथे पुस्तक संपते. बाबांना ते क्षम्य होते. त्यांच्यापुढे वाट नव्हती, ती ते पाडीत होते. दीड शतकाहून अधिक काळ रुळलेल्या वाटेने जाऊन आपणही त्याच मुक्कामी थांबावे, याला काय म्हणावे?

लिहावयास सामग्री नाही, अशी सबब कोणी सांगू नये. सरकारी कायद्यांची पाने उलटा. 1850 च्या एकविसाव्या कायद्याने ठरविले, की धर्मांतरामुळे कोणाचाही वारसाहक्क बुडणार नाही. म्हणजे वाड्यातला हिस्सा कोर्टातून मिळू लागला, परंतु पंक्तीतला पाट देण्याचा अधिकार कोणत्याच कोर्टाला नव्हता. पुढे 1866 चा कायदा आला. धर्मांतरित नवऱ्याने वा बायकोने फिर्याद करावी, जोडीदाराने धर्मांतराच्या कारणास्तव नांदण्यास नकार द्यावा, तर न्यायाधीशाने लगेच फारकत न देता काम एक वर्ष तहकूब ठेवावे, आणि त्या मुदतीत उभयतांची भेट घडवून आणावी, अशी त्यात तजवीज होती. सरकारी हुकमाने ठरलेली ती नवराबायकोची भेट आपल्या कोणत्या कादंबरीत आहे? कोण आधी बोलले, मुलाची चौकशी कोणी केली, निघताना कोणी मागे वळून पाहिले, हे लिहिण्याचे सोडून आपण दुष्ट दिरांची खानेसुमारी करीत बसलो.

आणि ज्यांना कायद्याची भाषा रुक्ष वाटते, त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ उघडावे. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या पाच वर्षांत विरह आहे, संताप आहे, पुन्हा एकत्र आल्यावरही एकाच छपराखाली निराळे राखलेले सोवळे आहे. आणि या साऱ्यांतून तावूनसुलाखून निघालेले असे एक दांपत्यप्रेम आहे, की त्यापुढे आमच्या कल्पित नायकनायिकांचे उसासे कागदी वाटतात. त्या बाईने आपल्या माहेरच्यांना वा सासरच्यांना राक्षस केले नाही. त्यांच्या विक्षिप्तपणासकट, मायेसकट त्यांना पानावर बसविले, आणि स्वतःला हसण्याची तर एकही संधी सोडली नाही.

एक घरची गोष्ट सांगून संपवितो. माझ्या आजीचा भाऊ दर भाऊबीजेस चार कोस चालत आमच्या मिशन कंपाउंडच्या फाटकाशी येत असे. आत येत नसे, पाणी घेत नसे. आजी निरांजन पदराआड धरून फाटकापर्यंत जाई, गजांच्या अलीकडून त्याला ओवाळी. तो ताटाला हात न लावता वरूनच रुपया टाकी, ज्योत हलू नये म्हणून बेताने टाकी, आणि चार कोस परत जाई. घरच्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर आमच्या कुळातले सारे बाप्तिस्मे व विवाह तारखांसह नोंदलेले आहेत. या माणसाचे नाव त्यात नाही.

आपल्या साच्यात तो खलनायक ठरतो, कारण तो आत आला नाही. परंतु तो येत होता, दर वर्षी येत होता, याची नोंद कोणी घ्यावयाची? पुढील हस्तलिखित माझ्याकडे धाडण्यापूर्वी त्या फाटकापर्यंत जाऊन या. आणि परतीचे चार कोस त्याच्यासोबत चाला.